छायाआत्याच्या जिभेवरचे तीन डाग

छायाआत्या रोज सकाळी मोरीच्या कट्ट्यावर बसून जीभ घासायची. आधी दात, मग जीभ. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजून, कुटून केलेलं काळं मंजन तिच्याजवळ पत्र्याच्या डबीत असायचं. चिमूटभर मंजन बोटावर घ्यायचं, जीभ बाहेर काढायची आणि शेंड्यावर, मग डाव्या कडेला घासत राहायचं. समोर खिळ्याला तळहाताएवढा आरसा टांगलेला. चूळ भरली की ती आरशाजवळ तोंड न्यायची, जीभ पुन्हा बाहेर काढायची, बघायची. मग तोंड मिटायची, ते बहुतेक दिवसभरासाठी.

ती काय बघते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या जिभेवर तीन काळे डाग होते. शेंड्याकडे मसुरीएवढे दोन, डाव्या कडेला जरा मोठा एक. ते गेले का, हे ती बघायची. त्रेचाळीस वर्षं बघितलं. गेले नाहीत.

हे सुरू झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आमचं गाव देवळीहून अकरा किलोमीटरवर. शेजारी अण्णाजींचा गोठा. एका संध्याकाळी छाया त्या गोठ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "हा बैल उद्या उठत नाई." बैल रवंथ करत नव्हता, त्याची डावी कूस फुगून ताठ झाली होती, सकाळपासून त्यानं शेण टाकलं नव्हतं. सकाळी बैल मेला. अण्णाजींची बायको आमच्या अंगणात येऊन म्हणाली, "तुमच्या पोरीनं आमचा बैल खाल्ला." माझ्या आजीनं, आनंदाबाईनं, पोरीची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. आत तीन डाग निघाले. झालं. काळी जीभ. बोलेल ते वाईट खरं होणार.

पोरीनं बैलाकडे नीट पाहिलं होतं. तिच्या तोंडात डोकावायला अर्धी आळी जमली. बैलाकडे त्यातल्या एकानंही धड पाहिलं नव्हतं.

आजी वाईट नव्हती. हेच मला सहन होत नाही. वाईट असती तर सगळं तिच्या नावावर टाकून मोकळी झाले असते. तिनं आपल्या परीनं औषध केलं. स्वतःच्या मंजनाची डबी नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात दिली आणि सांगितलं, रोज घास, डाग निघून जातील. आणि दुसरं सांगितलं, कोणी घरातून निघत असलं तर बोलू नको.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न सेलूकडे झालं. डागांचं सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात दीर कापसाची ट्रॉली घेऊन निघाला, तेव्हा ती दारातून म्हणाली, "भाऊजी, कडीची पिन झिजली आहे, सुटन." तो हसला. नाल्याच्या उतारावर पिन सुटली, ट्रॉली उलटली, त्याचा पाय मोडला. त्या घरातल्या म्हातारीनं सुनेचं तोंड उघडून पाहिलं. आठ दिवसांत बाबा जाऊन बहिणीला घेऊन आले. तिला परत न्यायला कोणी आलं नाही. पिन आधी कोणी बदलली नव्हती, यावर त्या घरात बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही.

मागची खोली तिची झाली. बाबा पेरणीला निघाले की आई तिला काहीतरी काम सांगून परसात पाठवायची. ती जायची. लग्नाच्या घरी ती भाज्या चिरायला असायची, अक्षता टाकायला नसायची. आणि हे सगळं जुन्या लोकांनी केलं असंही नाही. माझा दहावीचा पहिला पेपर होता. मी उंबऱ्यात आले, आत्यानं काही सांगायला तोंड उघडलं, तशी मी हात वर केला. "आत्या, आता काही बोलू नको हं." ती थांबली. मी बस थांब्यावर पोचले तर ती मागून धावत आली. हॉल तिकीट फळीवरच राहिलं होतं. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि एक शब्द न बोलता परत वळली.

या गावात तिच्या जिभेला एकाच ठिकाणी मान होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती आणि शोभाबाई पोरांची खिचडी शिजवायच्या. पोरांना वाढण्याआधी अन्न चाखून वहीत सही करायची असा नियम आहे. आधी शिजवणारी चाखते, मग गुरुजी. आत्या पळीवरचे चार दाणे जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि बोटानं सांगायची. एक बोट म्हणजे मीठ, दोन म्हणजे तिखट, मूठ म्हणजे उतरवा. चौसष्ट पोरांच्या पातेल्यात तिचा अंदाज कधी चुकला नाही. शोभाबाई आमच्या घरामागेच राहते, बोलायला सैल. ती पोरांना सांगायची, "बाईची जीभ काळी आहे म्हनून खिचडी पिवळी होते." पोरं हसायची. आत्याही हसायची, ओठ मिटून.

मागच्या पोळ्याच्या सुमाराला तिच्या जिभेच्या डाव्या कडेला काहीतरी टोचायला लागलं. तिथली खालची दाढ दोन वर्षांपासून तुटलेली होती, तिची कड पात्यासारखी. आधी पांढुरका चट्टा आला. तिनं तो मंजनानं घासला. मग तिथं फोड आला. तिनं तोही घासला. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. ती देवळीच्या औषधाच्या दुकानात गेली. तोंड आलंय, एवढंच सांगितलं. दुकानदारानं जागेवरूनच सांगितलं, "उष्णता आहे मावशी." लाल गोळ्यांची पट्टी दिली, लावायला जेल दिलं. पट्टी संपली, पुन्हा गेली. पुन्हा तीच पट्टी. तीनदा. तिन्ही वेळा त्या माणसानं तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. ती सांगूनही उघडती का, हा वेगळा प्रश्न.

कारण एकदा सांगितलं होतं. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर झालं. रक्तदाब, साखर, आणि तोंडाचीही तपासणी. खुर्चीवर बसवून नर्स टॉर्च मारून बघत होती. आत्याची पाळी आली. मागं रांगेत शोभाबाई होती.

"मॅडम, जपून बरं," शोभाबाई म्हणाली. "इच्या तोंडात पाह्यलं तं घरी जाऊन काय होईन सांगता येत नाई."

रांगेतल्या बाया हसल्या. नर्स नवीन होती, तिला कळलं नाही, तीही जरा हसली. म्हणाली, "मावशी, आ करा." आत्यानं ओठ मिटून मान हलवली. "काही त्रास आहे का?" पुन्हा मान हलवली. नर्सच्या पुढं अजून साठ बाया होत्या. तिनं कागदावर 'सामान्य' या शब्दापुढं खूण केली.

तो कागद मी नंतर पाहिला. निळ्या पेनाची, नीट, सरळ खूण.

आत्यानं खिचडी चाखणं सोडलं. पळी ओठांपर्यंत न्यायची, ओठ हलवायचे, बोटं दाखवायची, सही करायची. वीस वर्षांच्या अंदाजावर दोन महिने निभावलं. मग जानेवारीत एक दिवस शोभाबाईनं मीठ टाकलेलं तिला कळलं नाही, तिनंही टाकलं. गुरुजी त्या दिवशी पंचायत समितीत गेले होते. पहिल्या पंगतीतल्या पोरांनी घास थुंकले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की काळी जीभ आता पोरांच्या अन्नालाही लागली.

मी नोकरीच्या गावाहून संक्रांतीला घरी आले, तेव्हा घरात याचीच चर्चा. बाबा ओसरीवर बसून म्हणत होते, "छाये, चाखलं नव्हतं तं सही काऊन केली?" आत्या दारात खाली बघत उभी. तोंडाला पदर. जेवताना ती दहीभात कालवून उजव्या गालात ठेवत होती आणि न चावता गिळत होती. मी जवळ बसले तर वास आला. जखमेचा वास.

दुसऱ्या दिवशी घरचे शेतावर गेल्यावर मी तिला परसात नेलं. लिंबाखाली ऊन होतं.

"आत्या, तोंड दाखव."

"काय पाह्यतं त्यात. तेच आहे."

"दाखव."

"उजेडात नको, बाई."

"उजेडातच."

तिनं आधी मागच्या घराकडे कोणी आहे का ते पाहिलं. मग उघडलं. आणि मला इथं खरं लिहायचं आहे म्हणून लिहिते, माझी नजर आधी त्या तीन डागांवर गेली. लहानपणापासून ऐकत आलेले डाग. मी ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तीळ असतात तसे, सपाट, गप्प. मग तिनंच बोटानं गाल बाजूला ओढला आणि मला कड दिसली. चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढी जखम, कडा वर उचललेल्या, मधोमध खळगा, भोवती पांढरं. मी बोट लावलं. भोवतीचं मांस बोराच्या बीसारखं कडक लागलं.

"केव्हापासून?"

"पोळ्यापासून."

"पाच महिने? आणि सांगितलं नाहीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले पहिल्या महिन्यातच समजलंतं. शोभाच्या सासऱ्याले असंच झालतं, मी पाह्यलं होतं. रोज आरशात पाह्यत होती ना मी."

"मग?"

"मग काय. मी म्हनलं असतं तं झालं असतं ना, पोरी."

मला ओरडायचं होतं. कोणावर, ते ठरेना. बैल आपोआप मेला होता, पिन आपोआप झिजली होती, आणि या बाईनं बावन्नाव्या वर्षी आपल्याच आजाराचं नाव गिळून ठेवलं होतं. ते उच्चारलं तर ते येईल म्हणून. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला हे शिकवलं होतं, आणि ती हुशार होती म्हणून नीट शिकली होती.

त्याच दुपारच्या बसनं आम्ही वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दंतविभागातली डॉक्टर माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी असेल. तिनं मोजे घातले, आरसा घेतला, जखम पाहिली, गळ्याखाली दोन्ही बाजूंनी चाचपलं. डावीकडे तिची बोटं थांबली. मग आत्याच म्हणाली, अगदी हळू, "बाई, ते काळे डाग कशाचे ते पाह्यता काय?"

"कोणते? हे?" डॉक्टरनं काडीनं एकेक डाग दाखवला. "जन्मापासून आहेत?"

"हाव."

"मग काही नाही मावशी. अंगावर तीळ असतो तसे. काहींच्या जिभेवर असतात. नवा डाग आला, वाढायला लागला, रंग बदलला तर दाखवायचा. नाहीतर याला काही करायचं नसतं."

"घासायचं बी नाई?"

"कशाला घासायचं?"

मी मंजनाचं सांगितलं. डॉक्टरनं काडी ट्रेमध्ये ठेवली. "किती वर्षं?"

"त्रेचाळीस."

ती म्हणाली, एकट्या कशामुळे झालं असं मी सांगू शकत नाही. तुटलेल्या दाढेची धारही तिथंच घासते आहे. पण भाजला म्हणून तंबाखूचं विष जात नाही. तो रोज एकाच जागी चोळत राहिलं तर हे होऊ शकतं.

मी विचारलं, आम्हाला कसं कळणार होतं? माझा आवाज चढला असावा, कारण बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. तिनं ते मनावर घेतलं नाही. माझ्यासारख्या किती जणी तिनं पाहिल्या असतील. ती म्हणाली, जीभ लाल, गुळगुळीत होऊन आग होत असली तर पुष्कळदा रक्त कमी असतं, नाहीतर बी-बारा. त्या गोळ्या त्यासाठी ठीक, पण तेही रक्त तपासून. बोळ्यानं पुसला जाणारा पांढरा थर बुरशीचा असू शकतो, साखर असणाऱ्यांना जास्त होतो. नकाशासारखे चट्टे येतात, जागा बदलतात, जातात, त्यानं कोणी मरत नाही. साधं तोंड आलं तर दहा-पंधरा दिवसांत बरं होतं. "पण एकाच जागची जखम तीन आठवड्यांनंतरही तिथंच असेल, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, हाताला कडक लागत असेल, तर दुकानातून काही आणायचं नाही. यायचं. दुखत नसलं तरी यायचं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे."

तीन आठवडे. आमच्याकडे बावीस झाले होते.

जखमेचा तुकडा तपासायला गेला. दहा दिवसांनी कागद आला, आत्याला जे पहिल्या महिन्यात समजलं होतं तेच त्यावर छापलेलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, जिभेचा दोन तृतीयांश भाग आणि गळ्यातल्या गाठी काढाव्या लागतील. छातीचं मांस लावू. मग रेडिएशनचे शेक. पोळ्याच्या वेळी आला असतात तर बोराएवढा तुकडा काढून भागलं असतं. ते रागानं बोलले नाहीत. त्यांच्या वाटचा रागही मलाच आला.

या गोष्टीला आता चार महिने झाले. शेक संपले. आत्या घरी आहे. पातळ कण्या, वरणाचं पाणी, दूध, वाटीनं तोंड वर करून गिळते. तिच्या तोंडून आवाज येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणतात सरावानं थोडे येतील. आरसा खिळ्यालाच आहे, ती त्याच्याकडे पाठ करून चूळ भरते. डबी मी उकिरड्यावर फेकली. शाळेत तिच्या जागी दुसरी बाई लागली आहे.

गेल्या आठवड्यात शोभाबाई भेटायला आली. आत्या सुपात तांदूळ निवडत होती. शोभाबाईनं चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, मग उसासा टाकून म्हणाली, "जाऊ दे बाप्पा. एका परीनं बरंच झालं. गेली ती काळी जीभ एकदाची."

तिला ते सांत्वन वाटत होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिला खरंच ते सांत्वन वाटत होतं. आत्याचा हात तांदळात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मी उठून शोभाबाईसमोर बसले. तिच्या दातांच्या फटीत तेच काळं मंजन होतं.

"शोभाबाई, तोंड उघडा."

"काऊन?"

"तुम्ही पण तेच घासता ना? उघडा. मले पाहू द्या."

"माह्या तोंडात काय आहे? मी काय..." तिनं ओठ मिटले आणि मान हलवली. शिबिरातल्या खुर्चीवर आत्यानं हलवली असेल तशीच. मग आत्यानं सूप बाजूला ठेवलं, शोभाबाईजवळ सरकली आणि तिची हनुवटी धरली. घट्ट. आत्यानं काही आवाज काढला. त्यात शब्द नव्हता, पण त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळला. शोभाबाईनं तोंड उघडलं. उजव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. ओल्या कापडानं पुसून पाहिला, गेला नाही. सोमवारी मी तिला वर्ध्याला नेणार आहे. ती आली नाही तर मी तिच्या दारात बसणार आहे.

आत्या ऑपरेशनला गेली ती सकाळ लिहायची राहिली. आदल्या दिवशी नर्सनं सांगितलं होतं, उद्यानंतर बोलणं असं राहणार नाही, काही बोलायचं असेल ते बोलून घ्या. आठ वाजता तिला हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर बसवलं. मी होते, बाबा होते. ज्या भावानं चाळीस वर्षं घरातून निघताना बहीण परसात गेल्याची खात्री केली, तो तिचा हात धरून म्हणत होता, "छाये, बोल ना काही. बोल." मला वाटलं, आता ती बोलेल. कोणाला तरी धारेवर धरेल. मीच पहिली उभी होते, हात वर करणारी.

ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग नेहमीसारखी तिची नजर खाली घसरली आणि माझ्या पायांशी थांबली. आम्ही कोणी तिला गप्प केलं नाही. ती म्हणाली, "वर्षाली, तुह्या डाव्या चपलेचा अंगठा उसवून राह्यला. जिना उतरशीन तं पडशीन. गेटाजवळ मोची बसते, शिवून घेजो."